रंग भरला की चित्र का मरतं? आधी काळी प्लेट तपासा

तक्रार नेहमी एकच असते: "भाऊजी, पेनने काढलं तेव्हा काय झकास दिसत होतं. रंग भरले आणि सगळी वाट लागली."

हे वाक्य आमच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं. आम्ही ठाण्यात चरईत राहतो, तलावपाळी पायी चार-पाच मिनिटांवर. वहिनी एका सहकारी बँकेत कॅश काउंटरला बसतात. लेकाच्या शाळेचे उरलेले रंग वाया जाऊ नयेत म्हणून चित्रं काढायला लागल्या. लेक इंजिनिअरिंगला गेला तरी थांबलेल्या नाहीत. विषय विचाराल तर, पाठीवर अख्खं शहर घेऊन खाडीतून चाललेलं कासव. मासुंदा तलावाला वेटोळं घालून बसलेला पंखवाला नाग. टीएमटीच्या बसएवढ्या फ्लेमिंगोवर बसून ऑफिसला निघालेली मुलगी, आणि तिच्या खांद्याला डब्याची पिशवी. ती पिशवी बघूनच मी या चित्रांच्या प्रेमात पडलो.

मी चित्रकार नाही. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफसेट छापखान्यात तीस वर्षं कलर करेक्शन केलं. रंगीत चित्र कागदावर उतरताना कुठे मरतं आणि का मरतं, हे बघण्याचाच पगार मिळायचा. म्हणून वहिनी चित्र घेऊन वर येतात. पहिली पाच चित्रं आली आणि पाचही एकाच ठिकाणी बिघडलेली निघाली. त्याचं कारण सापडायला मला तीन चित्रं लागली, हे आधीच कबूल करतो.

आधी माझ्या चुका

पहिलं चित्र पाहून मी अगदी तज्ज्ञासारखा बोललो, "वहिनी, पेन्सिली हलक्या आहेत. चांगला सेट घ्या." त्यांनी बिचाऱ्यांनी गोखले रोडला जाऊन ४८ रंगांचा डबा आणला. पुढचं चित्र आधीपेक्षा वाईट. आधी २४ रंगांत गोंधळ होता, आता ४८ रंगांत. मी स्वतः आयुष्यभर चार शाईंत सगळं जग छापलं, आणि दुसऱ्याला सांगताना मात्र रंग वाढवायला सांगितले.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, तपासायची सवय हातात मुरलेली. बोलता बोलता मी लाल बॉलपेन काढलं आणि नागाच्या मानेवर सरळ गोल केला. मूळ चित्रावर. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण पुढचे दोन रविवार वर आल्या नाहीत. तेव्हापासून नियम: चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि जे काही गिरवायचं ते त्यावर. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे मिळणारा बटर पेपरही चालतो.

तपासणी: फोनमध्ये रंग काढून टाका

चित्राचा फोटो काढा आणि फोनच्या एडिटमध्ये जाऊन तो कृष्णधवल करा. एवढंच.

नागाच्या चित्राचं हे केलं तेव्हा दोघांनाही धक्का बसला. लालभडक नाग, मागे हिरवीगार झाडं. रंगीत बघताना वाटतं, लाल-हिरवं म्हणजे केवढा फरक. कृष्णधवल केल्याबरोबर नाग गायब! वहिनींनी वापरलेला लाल आणि त्यांनी वापरलेला हिरवा, दोन्ही उजळपणात जवळपास सारखे होते. दोघांचा एकच राखाडी झाला. डोळा रंग नंतर ओळखतो, आधी उजेड-अंधार वाचतो. तिथेच काही नसेल तर चित्र लांबून रंगीबेरंगी गोधडीसारखं दिसतं.

मग पेनने काढलेलं चित्र का जिवंत दिसत होतं? कारण तिथे पांढरा कागद आणि काळी रेषा होती. उजेड-अंधारातला जास्तीत जास्त फरक आयता मिळालेला. रंग भरल्यावर पांढरा कागद संपला, सगळीकडे मध्यम उजळपणा पसरला, आणि रेषा त्यात बुडाली. म्हणजे रंग वाईट नव्हते, पेन्सिली वाईट नव्हत्या. कुठे काळोख आणि कुठे उजेड हे ठरवायच्या आधीच रंग भरायला घेतला होता.

आमच्या धंद्यात याला सरळ नाव होतं. चार रंगांच्या छपाईत सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक अशा चार प्लेटा. पुस्तकात वाचलं तर पहिल्या तीन शाया एकावर एक छापल्या की काळा व्हायला हवा. प्रत्यक्षात चिखलासारखा तपकिरी होतो, कारण शाई कधीच तेवढी शुद्ध नसते. म्हणून चौथी, काळी प्लेट. फिल्मचा जमाना होता तेव्हा आम्ही काळ्याची फिल्म लाइट टेबलवर ठेवायचो, आणि तिच्यात चित्राचा सांगाडा दिसायचा: डोळ्यांची बुबुळं, साडीच्या घड्या, झाडाखालचा अंधार. काळी प्लेट फिकी निघाली की बाकी तिन्ही कितीही झळझळीत असोत, छापील पान धुतल्या कपड्यासारखं दिसायचं.

वहिनींना म्हटलं, "तुमच्या चित्राला काळी प्लेटच नाही."

"म्हणजे काळा रंग वापरू?"

नाही. आणि ही गफलत फार जण करतात. काळी पेन्सिल घेऊन सगळ्या कडा काजळून काढणं म्हणजे काळी प्लेट नव्हे.

करायचं असं. पोस्टकार्डाएवढा कागद, एक ४बी किंवा ६बी पेन्सिल. चित्र तेवढ्यात बसवायचं, तपशील शून्य. फक्त तीन टोन: कोरा कागद, मधला करडा, गडद. डोळे बारीक करून बघायचं आणि एक प्रश्न विचारायचा: सगळ्यात गडद जागा सगळ्यात उजळ जागेला कुठे भिडते? तिथे बघणाऱ्याचा डोळा जाणार. नागाच्या चित्रात ती भिडत होती डाव्या कोपऱ्यातल्या आइस्क्रीमच्या गाडीपाशी. नाग, तलाव, पंख यांची सगळी मेहनत आणि डोळा जातो कुल्फीवर. असे तीन-चार नमुने करायला वीस मिनिटं लागतात. त्यातला एक निवडायचा, तो समोर टेकवून ठेवायचा आणि मग रंग. नाग लालच ठेवा, पण झाडं दोन पायऱ्या गडद करा. किंवा उलट, झाडं पहाटेच्या धुक्यातली फिकी ठेवा आणि नाग गडद किरमिजी. दोन्ही चालतं. दोघं मध्यम, एवढंच चालत नाही.

सवय कुठली आहे?

माझा अंदाज आहे की हे दुखणं आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून येतं. ज्यांनी त्या परीक्षा दिल्या त्यांना आठवेल: संकल्पचित्रातली नक्षी, पोस्टर कलर, सपाट रंग, डाग नको, रेषेबाहेर एक थेंब जाता कामा नये. नक्षीकामासाठी ते अगदी बरोबर शिक्षण आहे. तिथे प्रत्येक आकार सारख्याच हक्काचा असतो. पण पंखवाल्या नागाच्या गोष्टीत आकारांना समान हक्क दिले की गोष्ट संपते. वहिनींना इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड होता. प्रत्येक पान, प्रत्येक खवला, प्रत्येक विटेत तितक्याच प्रेमाने रंग भरलेला. हात एवढा स्वच्छ की हेवा वाटावा, आणि तोच आड येतो.

उपाय म्हणून मी त्यांना सांगितलं, चित्राचा एक तृतीयांश भाग अर्धवट सोडा. मुद्दाम. त्यांना ते पटलं नाही. अजून पूर्ण पटलेलं नाही.

फ्लेमिंगोने शिकवलेला धडा

तिसरं चित्र फ्लेमिंगोवरच्या मुलीचं. खालून पंजापासून वर चोचीपर्यंत सगळा पक्षी एकाच गुलाबीत. कृष्णधवल फोटोत तो फिकट आभाळात विरघळलेला. मी काही बोलायच्या आधी वहिनी म्हणाल्या, "पण फ्लेमिंगो गुलाबीच असतो ना?"

खरा बघा, म्हटलं. ठाणे खाडी हाकेच्या अंतरावर आहे. २०१५ मध्ये तिचं फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ती पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पक्षी असतात. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून भरती-ओहोटी बघून बोट सोडतात. नवी मुंबईत सीवूड्सच्या बाजूलाही थवे उतरतात. दोघं नवरा-बायको एका रविवारी ऐरोलीला गेले आणि परत आल्यावर वहिनी जिना चढून थेट माझ्याकडे. "भाऊजी, उडताना पंख काळे असतात!"

तेच. रोहित पक्षी, म्हणजे आपला फ्लेमिंगो, उभा असतो तेव्हा गुलाबी-पांढरा दिसतो. पंख उघडले की उडायची पिसं काळी कुळकुळीत, आणि त्यांच्या वर लाल-गुलाबी पट्टा. निसर्गानेच काळी प्लेट लावून दिलेली. चित्रातल्या पक्ष्याने पंख पसरलेलेच होते! नुसती ती पिसं काळी केली असती तर निम्मं दुखणं गेलं असतं. आणखी दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे गुलाबी एकसारखा नसतो. तो रंग येतो खाण्यातून, पाण्यातल्या शेवाळात आणि बारीक जिवांत असलेल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांमधून. पिल्लं तर करडी असतात. म्हणजे थव्यात फिक्कट, मळकट, गडद सगळे सापडतात. मुलीचा पक्षी थव्यातला सगळ्यात गडद करायला वाव आहे. दुसरी गोष्ट पायाची. पायाच्या मध्यावर जो उलटा वाकलेला गुडघा दिसतो तो गुडघा नाहीच, तो घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला. वहिनींनी तिथे माणसासारखा पुढे वाकणारा गुडघा काढला होता, म्हणून पक्षी खुर्चीतून उठतोय असं वाटत होतं.

कल्पनाचित्रात खऱ्या पक्ष्याचं काय काम, असं कुणी विचारतं. माझं उत्तर असं की पक्षी बसएवढा आहे ही एकच थाप पचवायची असेल तर बाकीचं सगळं खरं लागतं.

मळकट रंग

ही तक्रार वेगळी, पण वरच्या तक्रारीत मिसळून येते. आधी टोन तपासा. टोन बरोबर असूनही रंग चिखल झाले असतील तरच पुढे वाचा.

बहुतेक वेळा कारण असतं सावली. गुलाबीची सावली करायला काळा, हिरव्याची सावली करायला काळा, त्वचेची सावली करायलाही काळा. पिवळ्यात काळा घातला तर तो सावलीत जात नाही, शेवाळी हिरवट होतो; करून बघा. सावलीसाठी त्याच रंगाचा गडद नातेवाईक शोधायचा. पिवळ्याला मातकट तपकिरी, गुलाबीला जांभळट किरमिजी, हिरव्याला गडद निळा. रंगचक्रातले समोरासमोरचे रंग, म्हणजे लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा, एकमेकांवर चढवले की करडे होतात. हा दोषही आहे आणि औषधही: कासवाच्या कवचावरचा झगझगीत हिरवा थोडा दाबायचा असेल तर वरून लालचा अगदी हलका हात फिरवा.

जलरंगात दोन बरण्या ठेवा, एक ब्रश धुवायची आणि एक स्वच्छ पाण्याची. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. पोस्टर कलरवर दुसरा ओला थर दिला की खालचा सुटून वर येतो; ते त्या रंगाचं वागणं आहे, तुमचा हात नव्हे. ट्यूबवर रंगद्रव्याचे क्रमांक छापलेले असतील तर वाचा. एकच क्रमांक असलेले रंग मिसळायला स्वच्छ, उदाहरणार्थ अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९. तीन-तीन क्रमांकांचे दोन रंग मिसळले की सहा जण एका रिक्षात बसल्यासारखं होतं.

आणि खालची शिसपेन्सिल. रेखाटनाचं शिसं तसंच ठेवून वर पिवळा फिरवला की तो हमखास मळतो. पिठासारखा मळता येणारा खोडरबर दाबून दाबून शिसं उचलून घ्यायचं, घासायचं नाही.

शाई पसरते

एका ओळीचं काम आहे. फाउंटन पेनची साधी शाई पाण्यात विरघळते, काही जेल पेनांचीही. पिगमेंट शाईची ड्रॉइंग पेनं वाळल्यावर पाण्याला दाद देत नाहीत. त्याच कागदाच्या तुकड्यावर रेघ मारा, वाळू द्या, ओला ब्रश फिरवा. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत वाळायला किती वेळ लागतो त्याचा भरवसा नाही, म्हणून मी तर रात्रभर ठेवा म्हणतो.

मेण, दाणा आणि पावसाळा

रंगीत पेन्सिलीचं एक लक्षण असं: चार-पाच थर झाले की पेन्सिल घसरायला लागते, रंग धरतच नाही. कागदाला दाणा असतो, बारीक खड्डे. त्यात रंग बसतो. पहिल्याच थराला जोर लावला तर खड्डे भरून जातात, पुढच्या थराला जागा उरत नाही. वहिनी नोटा मोजणाऱ्या बाई, बोटांत ताकद आहे. पहिल्या थरातच कागद गुळगुळीत करून टाकायच्या. पेन्सिल शेवटाकडून धरा म्हटलं, जोर आपोआप कमी होतो. दाबून चकाकी आणायचं काम अगदी शेवटी, आणि फक्त जिथे डोळा जायला हवा तिथे.

काही दिवसांनी गडद भागावर पांढुरकी झाक आली तर बुरशी समजून घाबरू नका. मेणाच्या पेन्सिलीतलं मेण वर येतं. मऊ सुती कपड्याने हलकेच पुसलं की जातं. मात्र ठिपके असतील, तपकिरी किंवा केसाळ, तर ती बुरशीच. पावसाळ्यात चित्रं बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत, फ्रेम केली तर काच चित्राला चिकटू देऊ नये, मधे माउंटची पट्टी हवी. वहिनींची दोन चित्रं गादीखाली होती. सरळ राहावीत म्हणून! जूनमध्ये काढली तर गादीला लागलेली.

कागदाबद्दल फार बोलत नाही. ड्रॉइंगच्या वहीतल्या पातळ कार्ट्रेज कागदावर पाणी घातलं की तो लाटा मारणारच. पेन्सिलीसाठी २०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप), भरपूर पाण्यासाठी ३०० जीएसएम, आणि चारी बाजूंनी टेप.

दोन चंद्र आणि शून्य सावल्या

चौथ्या चित्रात कासवावरच्या शहरावर दोन चंद्र होते. एक पिवळा, एक निळसर. सुंदर कल्पना. सावली मात्र एकाचीही नाही. दोन चंद्र काढले तर दोन सावल्या द्याव्या लागतात, आणि मग त्या कंटाळवाण्या राहत नाहीत: पिवळ्या चंद्राच्या सावलीत निळसर उजेड पडणार, निळ्याच्या सावलीत पिवळसर. वहिनींनी डोक्याला हात लावला. मी म्हटलं, नसेल जमत तर एक चंद्र ढगाआड पाठवा.

लांबचे डोंगरही तसेच. जवळच्या घराएवढेच हिरवे. घोडबंदर रोडने जाताना येऊरकडे बघा, पाऊस उघडल्यावर. पहिली रांग हिरवी, तिच्यामागची निळसर, त्याहून मागची जवळजवळ आभाळाची. मधली हवा निळा उजेड जास्त विखुरते, तिचा थर जितका जाड तितका डोंगर निळा आणि फिका. कासवावरच्या शहराचा मागचा भाग असा फिका केला असता तर कासव मैलभर लांब वाटलं असतं. आत्ता ते टेबलावरच्या शोपीसएवढं वाटतं.

नागाच्या पंखांचं दुखणं सांध्याचं होतं. पंख पाठीवर स्टिकर लावल्यासारखे. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हात, लांबलेल्या बोटांमधे ताणलेली कातडी, अंगठा वर मोकळा. पक्ष्याचा पंख हलवणारे मोठे स्नायू छातीच्या हाडाला धरलेले असतात. कोंबडीचा ब्रेस्ट पीस खाणाऱ्याला हे जास्त सांगावं लागत नाही. म्हणजे नागाला पंख द्यायचे तर तिथे खांदा हवा, अंग थोडं फुगायला हवं, खवल्यांची दिशा वळायला हवी.

हे जोडकाम आपल्याकडच्या पाथरवटांनी फार चांगलं सोडवलंय, म्हणून मी त्यांना परदेशी ड्रॅगनचे फोटो बघणं थांबवायला सांगितलं. देवळांवरचा मकर घ्या: सुसरीचं तोंड, सोंडेसारखं वळलेलं नाक आणि शेपटीच्या जागी पानाफुलांची वेल. दोन प्राणी जिथे जुळत नाहीत तिथे कारागिराने नक्षी घातली आणि प्रश्न मिटवला. देवळांवरच्या कीर्तिमुखाला, म्हणजे त्या राक्षसी चेहऱ्याला, खालचा जबडाच नाही, तरी उणीव जाणवत नाही. जंजिऱ्याच्या दरवाज्यावरचा शरभ, वाघसिंहासारखा काल्पनिक प्राणी, पंजात हत्ती धरून उभा आहे, आणि हत्ती मांजराच्या पिल्लाएवढे का हे कुणी विचारत नाही. लांब जायचं नसेल तर अंबरनाथ. शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चं शिलाहारांचं शिवमंदिर, भिंती शिल्पांनी खच्चून भरलेल्या, आणि ठाण्याहून लोकलने सहज जाता येतं. दुपार कलल्यावर, तिरपं ऊन असताना जा. सगळा दगड एकाच रंगाचा, तरी प्रत्येक आकृती वेगळी कळते, ती नुसत्या उजेड-सावलीवर.

फोटोवरून रंग जोखू नका

वहिनींच्या बहिणीने वाशीहून कळवलं, "आभाळ फार जांभळं झालंय." आभाळ जांभळं नव्हतं. फोटो रात्री पिवळ्या बल्बखाली काढला, फोनने स्वतःच्या मनाने रंग सुधारले, व्हॉट्सॲपने दाबून बारीक केला. आमच्याकडे प्रूफ बघायला वेगळा लाइट बूथ असायचा, ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळचा. बाहेरच्या ट्यूबलाइटखाली पास केलेलं पान सकाळी उजेडात बघून हात कपाळावर गेल्याचे प्रसंग कमी नाहीत. घरी बूथ कुठून आणणार? सकाळी नऊ-दहाला खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी चित्र ठेवा, शेजारी कोरा पांढरा कागद, आणि फोटोत तो कागद पांढरा दिसतो का बघा. उजेड-अंधार फोटोवरून तपासता येतो. रंगाबद्दल मत द्यायचं तर जिना उतरून चित्र बघा.

बघणाऱ्याने काय बोलावं

वहिनींचे यजमान प्रत्येक चित्राला "छान आहे" म्हणतात. मनापासून म्हणतात. पण पाच वर्षं "छान" ऐकल्यावर माणसाला कळत नाही की पुढचं कसं काढायचं. उलट टोक म्हणजे मी, लाल पेनवाला.

आता मी आधी काही सांगतच नाही. चित्र पाहतो आणि माझा डोळा कुठे कुठे गेला ते क्रमाने बोलून दाखवतो: आधी कुल्फीची गाडी, मग उजवीकडचं पिवळं झाड, मग नाग. मग विचारतो, तुम्हाला कुठे जायला हवा होता? या दोन यादींमधे जेवढं अंतर, तेवढीच दुरुस्ती. बाकी माझी आवड-निवड आहे, ती चहाबरोबर. एका वेळी एकच दोष सांगतो. टोनचा दोष असेल तर चित्रातलं पाऊल चुकलंय हे त्या दिवशी सांगत नाही, जीव गेला तरी.

आणि काय दुरुस्त करायचं नाही तेही सांगावं लागतं. कासवावरच्या शहरात प्रत्येक गच्चीवर वाळत घातलेले कपडे आहेत, आणि एका दोरीवर सहावारीच्या शेजारी बाळाची लंगोटं. प्रमाण साफ चुकलेलं, लंगोटं साडीएवढी. वहिनी ती खोडून नीट काढायला निघाल्या होत्या. हात धरला मी अक्षरशः.

परवा सहावं चित्र आलं. पुन्हा फ्लेमिंगोवरची मुलगी, नव्याने. पोस्टकार्डावरचा करडा नमुना मागे टाचणीने लावलेला. पंखांची काळी पिसं पूर्ण पसरलेली आणि त्यांच्यावर मुलीचा कोऱ्या कागदाचा पांढरा कुर्ता. कृष्णधवल केलं, तर पहिल्यांदा मुलगीच दिसली. डब्याची पिशवीही दिसली. खाली खाडीचं पाणी मात्र हिरवट चिखल, तीन थर एकावर एक, अजून ओलसर.

"पाण्याचं काय करू, भाऊजी?"

बाहेर धो-धो पाऊस, घरात ट्यूबलाइट. म्हटलं आज काहीच नका करू, उद्या सकाळी खिडकीपाशी बघू.